लाँचचं इंजिन दम धरत नाही: खोलण्याआधी काय तपासायचं, आणि उचलायचंच तर कसं

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. मामांची ३२ फुटी फायबरची लाँच, हर्णैहून जुनी विकत घेतलेली, दोन हंगामांपासून पानशेतच्या पाण्यावर. आत चार सिलेंडरचं, चार लिटरचं, ट्रकच्या इंजिनावरून मरीन केलेलं डिझेल इंजिन. टर्बो नाही, साधा फ्युएल पंप. पूर्ण रेस दिली की आधी २२०० आरपीएम मारायचं. यंदा पावसाळ्यानंतर १६०० च्या वर जात नाही आणि मागून काळा धूर सोडतं. थंडीतल्या सकाळीसुद्धा सुरू मात्र अर्ध्या सेल्फमध्ये होतं. पावसाळ्यात बोट वर काढली तेव्हा वाकलेला पंखा (प्रोपेलर) सरळ करून आणला, आवाज कमी व्हावा म्हणून इंजिनाच्या पेटीला आतून फोम आणि प्लाय मारला, रंगकाम केलं. शिवाय इंजिन ज्यावर बसतं त्या फाउंडेशनचं मागच्या डाव्या बाजूचं लाकूड मऊ झालंय आणि इंजिन तिकडे बसल्यासारखं वाटतंय. मेकॅनिकचं म्हणणं, इंजिन काढून नव्याने बांधावं लागेल. तुम्ही विचारलंय, काढायचं कसं.

काढायचं कसं ते सांगतोच, कारण त्या सडलेल्या लाकडापायी ते एकदा उचलावं लागणारच आहे. पण बांधावं लागेल हे तुमच्या वर्णनावरून मला पटत नाही. आणि काहीही असलं तरी निदान आधी, बोटीत, पाण्यावर करायचं. इंजिन एकदा गाळ्यातल्या स्टँडवर गेलं की त्याच्यावर पंख्याचा भार नसतो. तिथे ते रिकामं छान फिरेल, मेकॅनिक ते खोलेल, पिस्टन-लायनरचं किट टाकेल, आणि परत बसवल्यावर पुन्हा १६०० लाच अडेल.

इंजिन झिजलेलं नाही असं का वाटतं ते सांगतो. डिझेलला स्पार्क प्लग नसतो. दाबलेली हवा तापते आणि त्या उष्णतेवर डिझेल पेटतं. रिंगा, लायनर किंवा व्हॉल्व्ह गेले की दाब कमी पडतो आणि त्याची पहिली तक्रार थंडीतल्या सकाळी येते: सेल्फ मारून मारून बॅटरी उतरते, पांढरा धूर येतो, मग कसंबसं एकेक सिलेंडर पकडतं. जानेवारीत पानशेतच्या काठावर जे इंजिन अर्ध्या सेल्फमध्ये सुरू होतं, त्याचं कॉम्प्रेशन बरं असण्याचीच शक्यता जास्त. तेल किती खातं ते तुम्ही लिहिलेलं नाही. दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये वरून तेल घालावं लागत नसेल आणि ब्रीदरमधून (इंजिनाच्या आतली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) भसाभस वाफ येत नसेल, तर माझं मत आणखी पक्कं समजा.

दुसरं कारण हिशेबाचं आहे. पंखा फिरवायला लागणारा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, साधारण आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि ताकद घनाच्या. पंखा तोच आणि बोट तीच धरली, तर २२०० ऐवजी १६०० ला अडणारं इंजिन निम्म्याहून जेमतेम जास्त टॉर्क देतंय, आणि पंख्यापर्यंत पोचणारी ताकद पूर्वीच्या ४० टक्क्यांच्याही आत आलीय. एक सिलेंडर पूर्ण मेलं तरी एवढी घसरण होत नाही. तीन सिलेंडरवर बोट १८०० ते १९०० पर्यंत जाईल आणि अख्खी थरथरेल. तुम्ही थरथरीचा उल्लेख केलेला नाही. म्हणजे एक तर चारही सिलेंडरना एकदम काहीतरी कमी पडतंय, नाहीतर पलीकडे पंखा पूर्वीपेक्षा जास्त मागतोय. झिजेने चारही सिलेंडर चार महिन्यांत, तेही बोट झाकून ठेवलेली असताना, निम्म्यावर येत नाहीत.

आता धूर. डिझेल कमी पडलं तर इंजिन दम सोडतं, पण धूर सोडत नाही. जळायलाच कमी असतं. काळा धूर म्हणजे डिझेल पुरेसं येतंय, त्या मानाने हवा कमी आहे, किंवा भार इतका की गव्हर्नर (किती डिझेल सोडायचं ते ठरवणारा भाग) पंप पूर्ण उघडून बसलाय आणि तरी आरपीएम चढत नाही. म्हणून तुम्ही दोनदा डिझेल फिल्टर बदललात त्याचा उपयोग झाला नाही. (टाकीच्या तळाचं पाणी मात्र काढून टाका. अर्धी टाकी पावसाळाभर ठेवली की आत दमट हवेचं पाणी होतं आणि पाणी-डिझेलच्या सीमेवर काळा बुळबुळीत थर वाढतो. आजच्या तक्रारीशी त्याचा संबंध नाही, पण मार्चमध्ये तो फिल्टर गच्च करेल.)

तपासणी आकड्यापासून सुरू करा. १६०० हा आकडा डॅशबोर्डच्या मीटरवरचा असेल, आणि बऱ्याच बोटींवर हा मीटर अल्टरनेटरवरून चालतो. पट्टा ढिला पडून घसरत असेल तर मीटर खोटं बोलतो. हातात धरायचा, प्रकाशाच्या किरणावर चालणारा टॅकोमीटर बुधवार पेठेत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळतो, फार महाग नसतो. क्रँकच्या पुलीवर चमकती पट्टी चिकटवा आणि खरा आकडा घ्या. त्याच वेळी इंजिनाची प्लेट पुसून वाचा. प्लेटवर २४०० लिहिलं असेल आणि चांगल्या दिवसांतही तुम्हाला २२०० च मिळत असेल, तर पंखा आधीपासूनच थोडा जड होता.

ही शक्यता मला बरीच वाटते. हर्णैला बोट समुद्रसपाटीवर होती. पानशेतचं पाणी ६०० मीटरच्या आसपास आहे. तिथे हवा पाच-सहा टक्के विरळ, आणि टर्बो नसलेलं इंजिन तेवढी ताकद सरळ गमावतं. आरपीएममध्ये ते ५० ते ७० चं नुकसान. शिवाय गोड्या पाण्यात बोट खाऱ्यापेक्षा किंचित खोल बसते. यातलं काहीही ६०० आरपीएम खात नाही, पण हातचं राखलेलं सगळं संपवतं. मग पावसाळ्यात झालेली छोटी गडबडही मोठी होऊन दिसते.

रेसची केबल बघायला दोन मिनिटं लागतात. एकाने लिव्हर पूर्ण पुढे ढकलायची, दुसऱ्याने पंपावरचा आर्म शेवटच्या स्क्रूला टेकतो का ते पाहायचं. काळा धूर असताना केबलचा दोष असण्याची शक्यता कमी, पण बघायला काही लागत नाही.

मग पेटी. चार लिटरचं चार-स्ट्रोक इंजिन २२०० आरपीएमला मिनिटाला साडेतीन ते चार हजार लिटर हवा ओढतं. आवाज कोंडण्यासाठी जे जे केलं जातं ते हवाही कोंडतं. फोम लावणाऱ्याने बाजूच्या जाळ्या झाकल्या असतील, किंवा प्लायमुळे जाळीमागची वाट अरुंद झाली असेल, तर इंजिन स्वतःचीच तापलेली हवा पुन्हा पुन्हा पितं. हवा १० अंशांनी तापली की तिची घनता तीन टक्के कमी होते. बंद पेटीत बाहेरच्यापेक्षा ३० अंश जास्त तापमान ही काही विशेष गोष्ट नाही. याची चाचणी फुकट आहे: बोट पाण्यावर, पूर्ण रेस, खरा आरपीएम लिहून घ्या, आणि चालू बोटीतच पेटीचं झाकण उचला. उचलताना झाकण आत ओढलं जातंय असं हाताला जाणवलं तर तिथेच उत्तराचा मोठा भाग मिळाला. आरपीएम शंभर-दोनशेने चढला तर मिळालाच. झाकण उघडं असताना पट्ट्यापासून कपडे आणि ओढण्या लांब ठेवा आणि ही चाचणी प्रवासी नसताना घ्या. एअर फिल्टर काढून हातात घेऊन पाहा. फोमचे तुकडे त्याला चिकटलेले असतात, आणि चार महिने झाकलेल्या बोटीत उंदराने फिल्टरमध्ये संसार मांडलेलाही सापडतो.

मला सर्वांत जास्त संशय पंख्याचा आहे. 'सरळ करून आणला' हे वाक्य ऐकलं की मी आधी विचारतो, कुठून. पुण्यात लेथवाले, वेल्डर, फाउंड्रीवाले उत्तम आहेत. भोसरीत सांगाल तो भाग बनवून मिळेल. पण पंखा सरळ करणं हे पिच ब्लॉकवर (पात्याच्या मापाच्या साच्यावर) बसवून, प्रत्येक पात्याचा पिच मोजत करायचं काम आहे, आणि ते करणारे लोक मुख्यतः बंदरांच्या गावी असतात. पिच म्हणजे एका फेऱ्यात पंखा स्क्रूसारखा जेवढा पुढे सरकेल ते अंतर. नुसत्या डोळ्याने ठोकलेलं पातं दिसतं सरळ, पण पिच बदललेला असतो. पिच एक इंच वाढला की साधारण १५० ते २०० आरपीएम जातात. दोन-तीन इंचांचा फरक डोळ्याला कळतसुद्धा नाही.

मोजणं मात्र घरी जमतं. पंखा काढून सपाट टेबलावर किंवा काचेवर आडवा ठेवा, शाफ्टचं भोक बरोबर उभं. केंद्रापासून टोकापर्यंतच्या अंतराच्या ७० टक्क्यांवर प्रत्येक पात्यावर खडूने कंस काढा. त्या कंसावर ३० अंशांचं अंतर असलेले दोन बिंदू घ्या आणि टेबलापासून दोन्हींची उंची मोजा. उंचीतला फरक गुणिले १२, हा पिच. समजा फरक ३८ मिलिमीटर आला, तर पिच ४५६ मिलिमीटर, म्हणजे १८ इंच. तिन्ही पात्यांचं मोजा आणि बोसवर (पंख्याच्या मधल्या जाड गोल भागावर) ठोकलेल्या आकड्यांशी ताडून पाहा. त्यात पहिला आकडा व्यास, दुसरा पिच. पात्यापात्यांत फरक असेल तर बोट धडधडते. तिन्ही सारखे पण आकड्यापेक्षा जास्त निघाले, तर पंखा जड झालाय आणि इंजिनाचा काही दोष नाही.

पंखा बोटीवर असतानाच आणखी एक पाहून घ्या. गिअर न्यूट्रलमध्ये, इंजिन बंद, आणि शाफ्ट हाताने फिरवा. जरा जोर लावून फिरला पाहिजे. डाव्या बाजूला इंजिन बसलंय म्हणता, म्हणजे कपलिंग (गिअरबॉक्स आणि शाफ्ट यांचा जोड) तिरकं झालंय आणि शाफ्ट मागच्या बेअरिंगमध्ये घासतोय हे जवळपास नक्की. अर्धा तास चालवल्यावर ग्लँडला, म्हणजे शाफ्ट बोटीबाहेर जातो तिथल्या पाणी अडवणाऱ्या पॅकिंगच्या जागेला, हात लावून बघा. हात ठेववत नसेल इतकी गरम असेल तर तिथेही थोडा दम जिरतोय. थोडाच. ६०० आरपीएम तिथे जिरले असते तर ग्लँडमधून आतापर्यंत धूर निघाला असता.

तुमची बोट उजनीवर असती तर मी पंख्याला गुंडाळलेल्या जलपर्णीपासून सुरुवात केली असती. तिकडे इंजिनाला पाणी घेणाऱ्या जाळीतही ती अडकते आणि गरम झालेलं इंजिन दम सोडतं. पानशेतला तो त्रास नाही.

एक्झॉस्ट राहिला. धूर मागून, पाण्याबरोबर बाहेर पडतो म्हणजे मॅनिफोल्डनंतर एक एल्बो असणार, जिथे थंड करणारं पाणी गरम धुरात मिसळतं. या एल्बोत काजळी आणि क्षार साचून तोंड अंगठ्याएवढं उरतं. चार बोल्ट काढले की दिसतं. त्यापुढचा रबरी होजही वाकवून, आत टॉर्च मारून बघा. जुन्या होजचा आतला थर सुटून पडद्यासारखा लोंबतो, बाहेरून होज नवा वाटतो. एक्झॉस्ट तुंबलेलं इंजिन न्यूट्रलमध्ये बरं फिरतं आणि भाराखाली काळं ओकतं, अगदी जड पंख्यासारखंच. त्यामुळे न्यूट्रलमध्ये चांगलं फिरतंय म्हणजे इंजिन ठीक, दोष पंख्याचाच, असा निष्कर्ष एल्बो पाहिल्याशिवाय काढू नका.

इथवर काही सापडलं नाही तरच नोझल, म्हणजे सिलेंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग. इंजिन चालू, आरपीएम हजाराच्या आसपास, आणि एकेका नोझलच्या पाइपचा नट थोडा ढिला करायचा. ज्या सिलेंडरचा नट ढिला केल्यावर आवाजात फरकच पडत नाही, ते सिलेंडर काम करत नाहीये. डोळ्यांवर चष्मा हवाच, नटावर जाड फडकं हवं, आणि हाताचं बोट कधीही फवाऱ्यासमोर आणायचं नाही. त्या दाबाचं डिझेल कातडीतून आत शिरतं आणि ती जखम दिसते त्यापेक्षा फार वाईट असते, लगेच हॉस्पिटल गाठावं लागतं. ही पद्धत तुमच्यासारख्या जुन्या पंपालाच लागू. नव्या कॉमन रेल इंजिनावर कोणीही हे करू नये, तिथे दाब हजार बारच्या वर असतो. नोझल पंप-नोझलवाल्याकडे टेस्टरवर लावून घ्या. तुमचं इंजिन मुळात ट्रकचं असल्याने हे काम पुण्यात कुठेही होईल, निगडीच्या ट्रान्सपोर्ट नगरीच्या आसपास तर नक्कीच.

कॉम्प्रेशन सगळ्यांत शेवटी. नोझलच्या भोकात गेज लावून चारही मोजा. अशा इंजिनाला साधारण २५ ते ३० बार यावेत, आणि नेमक्या आकड्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे चारही एकमेकांच्या दहा टक्क्यांत असावेत. एखादं कमी असेल तर ते पिस्टन वरच्या टोकाला आणून, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना, नोझलच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडा आणि कान द्या. एअर फिल्टरकडून फुसफुस आली तर इनलेट व्हॉल्व्ह, सायलेन्सरकडून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, तेलाच्या झाकणातून आली तर रिंगा, आणि कूलंटमध्ये बुडबुडे आले तर हेडचं पॅकिंग. मेकॅनिकने यातलं काही केलंय का ते विचारा. न करता बांधायला सांगत असेल तर तो अंदाज आहे.

माझा अंदाज विचाराल तर: पेटी आणि पंखा, दोन्ही एकदम. पावसाळ्यात ज्याला हात लागला तेच आधी पाहायचं.

आता उचलणं. लाकूड बदलायचंय म्हणून हे टळत नाही, पण वरच्या सगळ्या चाचण्या झाल्यावरच. बोट वर काढल्यावर इंजिन चालवून बघण्याचा मोह आवरा. पाण्याशिवाय रॉ वॉटर पंपाचा (बाहेरचं पाणी ओढून इंजिन थंड करणाऱ्या पंपाचा) रबरी इम्पेलर मिनिटाभरात जळतो.

जागा आणि वेळ ठरवा. धरणाचं पाणी जसं उतरतं तसा काठ गाळाचा होत जातो, आणि मेमध्ये हायड्रा (चाकांवरची क्रेन) पाण्याजवळ येऊच शकत नाही. आला तर रुततो. आत्ता जानेवारीत पाणी बरंच वर आहे, तेव्हा महिनाभरात करा. ट्रॅक्टर-ट्रॉलीने बोट ओढून रस्त्यालगत मुरमाच्या सपाट जागेवर आणा आणि कण्याखाली आणि दोन्ही बाजूंनी लाकडी टेकू भक्कम द्या. तरंगत्या बोटीतून इंजिन काढता येतं, पण तुम्ही ते करू नका. पाचशे किलो वर जात असताना बोट खालून हलते, आणि हायड्राचा हूक काही हलत नाही.

एक गोष्ट इथे ठासून सांगतो. पानशेतचं पाणी खडकवासल्यात येतं आणि तिथून पुण्याच्या नळांना. तेल, कूलंट, तळातलं काळं पाणी, सगळं कॅनमध्ये भरून परत न्या. बोटीच्या तळात आधी लाकडाचा भुसा पसरा, तो सांडलेलं पिऊन घेतो.

बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढा, मग पॉझिटिव्ह. डिझेलचा कॉक बंद, पाइपची तोंडं बुजवलेली. प्रत्येक वायर आणि होज काढण्याआधी फोटो, आणि दोन्ही टोकांना एकच नंबर लिहिलेली चिकटपट्टी. हे कंटाळवाणं आहे आणि करावंच लागतं. फिटरवर विसंबू नका, बसवायला दोन महिन्यांनी दुसराच फिटर येतो.

कपलिंगचे बोल्ट काढण्याआधी दोन्ही चकत्यांवर छिन्नीची एकच खूण मारा, म्हणजे त्याच जोडीने परत बसेल. गंजलेले असतील तर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. चकत्यांत पहार घालून फाकवू नका, तोंड खराब झालं तर पुढे अलाइनमेंट येत नाही. आणि बोट जमिनीवर असली तरी सवय म्हणून ग्लँडच्या पुढे शाफ्टवर क्लँप आवळून ठेवा. कपलिंग सुटलेला शाफ्ट मागे सरकून निघून जातो. पाण्यावर असं झालं तर त्या भोकातून बोट भरते.

अल्टरनेटर, स्टार्टर, एअर फिल्टर, एक्झॉस्ट एल्बो, बाजूला डोकावणारं सगळं आधी काढा. वजनही कमी होतं आणि पेटीच्या काठाला अडकतही नाही. गिअरबॉक्स इंजिनाला तसाच ठेवायचा की नाही हे पेटीच्या लांबीवर आहे. लांबी पुरत असेल तर एकत्रच उचला. लाँचवर छत असणार. त्याची मधली फ्रेम बोल्टवर असेल तर तेवढा भाग सोडवा. छताच्या पाइपला चेन पुली अडकवून इंजिन उचलणारे महाभाग मी पाहिलेत. तो पाइप सावलीसाठी असतो.

फाउंडेशनचे बोल्ट सोडण्याआधी प्रत्येक पायाखालच्या पत्र्याच्या चकत्या मोजा, त्या-त्या पायाच्या पिशवीत भरा आणि कपलिंगजवळची इंजिनाची उंची तळापासून मोजून लिहून ठेवा. डावा मागचा पाय बसलाय, त्याचं माप आज चुकीचं आहे हेही लिहा. नाहीतर बसवताना कोणीतरी त्याच मापाने इंजिन पुन्हा तिरकं बसवेल.

इंजिनाच्या हेडवर उचलण्यासाठी दोन कड्या असतात, पुढे आणि मागे. त्याच वापरा, मॅनिफोल्डला किंवा व्हॉल्व्हच्या झाकणाभोवती साखळी गुंडाळायची नाही. गिअरबॉक्ससकट वजन पाचशे किलोच्या आसपास धरा आणि साखळी, शॅकल, चेन पुली सगळं एक टनाचं, शिक्का असलेलं घ्या. नायलॉनचा दोर ताणतो आणि अचानक तुटतो, तो नको. दोन साखळ्यांमधला कोन ९० अंशांच्या आत ठेवा. तो १२० झाला की प्रत्येक साखळीवर पूर्ण इंजिनाचं वजन येतं. शक्य असेल तर मध्ये लोखंडी आडवी पट्टी घालून साखळ्या उभ्या करा. बोटीत इंजिन मागे उतरतं बसलेलं असतं, म्हणून मागची साखळी थोडी लांब ठेवली की ते त्याच कोनात वर येतं.

हायड्राच्या हुकाला चेन पुली आणि पुलीला इंजिन, असं लावा. हायड्राचा ड्रायव्हर कितीही कसलेला असला तरी त्याची सर्वांत बारीक हालचाल तुमच्या पेटीसाठी मोठीच असते. बारीक उचल हाताच्या पुलीने करायची. दोन इंच उचला आणि थांबा. कुठला होज, कुठली अर्थची वायर राहिलीय ते तेव्हाच कळतं. एखादी हमखास राहते. मग वर. खाली माणूस नको, पेटीत हात नको, झुललं तर दोरीने आवरायचं, अंगाने नाही.

इंजिन बाहेर आल्यावर मागचं क्रँक सील आणि डँपर प्लेट (इंजिन आणि गिअरबॉक्समधली झटके झेलणारी प्लेट) नजरेखालून घाला. सील स्वस्त आहे आणि परत इथवर पोचणं महाग. इंजिन खोलू नका, वरच्या चाचण्यांनी सांगितलं असेल तरच खोला. लाकडाचं म्हणाल तर पाणी बहुतेक बोल्टच्या भोकांतून शिरलेलं असतं. वरचा फायबरचा थर कापून मऊ भाग कोरडं, टणक लाकूड लागेपर्यंत काढा, नवं सागवान इपॉक्सीत बसवा आणि वरून फायबर चढवा. बोल्टची भोकं मुद्दाम मोठी पाडून इपॉक्सीने भरा आणि त्यातून नेमक्या मापाचं भोक पाडा, म्हणजे पाणी पुन्हा लाकडापर्यंत पोचत नाही. मॅनिफोल्ड, एल्बो, ग्लँड असे मरीन भाग लागले तर पुण्यात शोधत बसू नका, मुंबईत दारूखाना नावाच्या भागात मिळतील. फिल्टर, सील, पॅकिंग, नोझल मात्र ट्रकचेच, ते इथेच घ्या.

परत बसवताना जमिनीवर फक्त कच्चं अलाइनमेंट करा. टेकूंवरच्या बोटीचा आकार आणि तरंगत्या बोटीचा आकार सारखा नसतो. बोट पाण्यात सोडा, एक दिवस राहू द्या, टाकी भरा, आणि मग कपलिंगच्या चकत्यांमधली फट फिलर गेजने वर, खाली, डावीकडे, उजवीकडे मोजा. चार इंची कपलिंगला चारही ठिकाणच्या फटींत ०.१ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको. पायांखालच्या पत्र्याच्या चकत्या घालून-काढून तिथवर या, बोल्ट आवळा आणि पुन्हा मोजा, कारण आवळताना ते हलतंच. ग्लँडमधून चालू असताना मिनिटाला दोन-तीन थेंब पाणी आलं पाहिजे. पूर्ण कोरडी आवळली तर पॅकिंग जळतं आणि शाफ्टला खाचा पडतात.

फोम लावायचाच असेल तर आधी पेटीच्या दोन्ही बाजूंना, एक खाली आणि एक वर, अशा जाळ्या पाडा आणि झाकण उघडं-बंद करून आरपीएममध्ये फरक पडत नाही ना ते बघा.

पंखा परत चढवण्याआधी तीन गोष्टी मला कळवा: बोसवरचे आकडे, तिन्ही पात्यांचा मोजलेला पिच, आणि इंजिनाच्या प्लेटवरचा आरपीएम. गिअरबॉक्सच्या प्लेटवरचं प्रमाणही वाचता आलं तर तेही. पिच किती इंच कमी करून घ्यायचा ते त्यावरून सांगता येईल.